आधी दोष पाहणारे, मग पाना उचलणारे गॅरेज

यंदाच्या मे महिन्यात नागपूरच्या वर्धा रोडवरील दुमजली उड्डाणपुलावर, दुपारी चारच्या सुमारास, माझ्या मोटारसायकलचे इंजिन ताशी ५० च्या वेगात असताना एकाएकी बंद पडले. ना धक्का, ना गुरगुर. आवाज थांबला आणि मागचे चाक जड झाले. हा पूल ३ किलोमीटरहून थोडा लांब आहे आणि त्यावर बंद गाडी उभी करायला कठड्यालगतची चिंचोळी पट्टी सोडून जागा नाही. मागून बस येत होती. हाताने आपसूक क्लच दाबला गेला, म्हणून गाडी घरंगळत कडेला नेता आली. दहा मिनिटांनी तीच गाडी अर्ध्या किकमध्ये सुरू झाली, जणू काही घडलेच नव्हते. पुढच्या तीन आठवड्यांत असे सहा वेळा झाले. या बिघाडाचे मूळ अखेर ज्या लहानशा गॅरेजमध्ये सापडले, त्याविषयी सविस्तर लिहावे असे वाटते, कारण तेथे मला दुरुस्तीइतकीच तपासणीची पद्धतही पाहायला मिळाली.

माझी गाडी १५० सीसीची, २०१६ सालची, कार्ब्युरेटर असलेली आहे. हनुमाननगरहून बुटीबोरीच्या एमआयडीसीत रोज ये-जा करताना ५० किलोमीटरच्या वर अंतर पडते. सकाळी सातला निघताना गाडीने कधीच त्रास दिला नाही. परतीच्या वाटेवर मात्र, जामठा ओलांडल्यापासून अजनी चौकापर्यंत कोठेही, निघाल्यानंतर साधारण २५ ते ३० मिनिटांनी ती बंद पडायची. सकाळ आणि दुपार यांच्यातला हा फरक मी पाहत होतो, पण त्याचा अर्थ लावत नव्हतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा माणसाप्रमाणे गाडीही थकत असेल, एवढ्यावरच माझा विचार थांबला होता.

आधी मी गाडी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तेथील वागणूक सौजन्याची होती, बसायला कुलरची हवा होती. पण तपासणी अशी झाली नाही. पहिल्या खेपेस प्लग आणि एअर फिल्टर बदलले, कार्ब्युरेटर साफ केला आणि ₹१,१८० घेतले. दुसऱ्या खेपेस टाकी धुतली, पेट्रोलचा कॉक आणि प्लगची टोपी बदलली, ₹७६० घेतले. दोन्ही वेळा गाडी परिसरात दोन किलोमीटर फिरवून "काही प्रॉब्लेम नाही, सर" असे सांगण्यात आले. दोन किलोमीटरमध्ये प्रॉब्लेम दिसणारच नव्हता, कारण तो अर्ध्या तासानंतर उद्भवणारा होता. हे मी सांगूनही कामाच्या कागदावर फक्त "इंजिन बंद पडते" एवढेच लिहिले गेले. तिसऱ्या खेपेस सीडीआय (प्लगच्या ठिणगीचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक डबी) आणि इग्निशन कॉइल दोन्ही बदलून पाहू, साधारण ₹३,२०० लागतील, असे सांगितले, तेव्हा मी गाडी परत घेतली. "बदलून पाहू" या दोन शब्दांतील पाहण्याचा सगळा खर्च ग्राहकाच्या खिशातून होतो, ही माझी खरी तक्रार आहे.

एका सहकाऱ्याने सुचवलेले हे दुसरे गॅरेज मानेवाडा रस्त्यावरून आत वळल्यावर एका गल्लीत आहे. पत्र्याची शेड, दोन गाड्या उभ्या राहतील एवढी फरशी, आणि पाटीवर नावाऐवजी रंगाने लिहिलेले "टू व्हीलर दुरुस्ती". मिस्त्री पस्तिशीचे असतील. हाताखाली एक मुलगा असतो. मी गाडी लावून सीडीआयचे सांगू लागलो, तर त्यांनी मला मध्येच थांबवले. "काका, पार्टचं नाव नका सांगू. ते मी पाहतो नं. गाडी कशी बंद पडते, तेवढं सांगा." त्यानंतर त्यांनी पंधरा मिनिटे केवळ प्रश्न विचारले आणि उत्तरे एका वहीत लिहून घेतली.

हे प्रश्न प्रत्येक मोटारसायकलस्वाराला ठाऊक असावेत असे मला वाटते, म्हणून ते येथे देतो. इंजिन झटक्यात बंद पडते की आधी गुदमरते? झटक्यात बंद पडत असेल तर संशय ठिणगीवर, म्हणजे विजेच्या बाजूवर जातो. आधी ताकद कमी होऊन, आचके देत बंद पडत असेल तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नसावे. बंद पडल्यावर मीटरवरचे दिवे आणि हॉर्न चालू राहतात का? तेही जात असतील तर बॅटरीचे टर्मिनल, फ्यूज किंवा चावीचा स्विच सैल आहे का ते आधी पाहावे. आरपीएमचा, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा, काटा कसा उतरतो? या प्रश्नाने मी चकित झालो, कारण माझ्या ते लक्षात होते: गाडी घरंगळत असतानाच काटा एकदम शून्यावर आपटायचा. मिस्त्रींनी मान डोलावली. गाडी गिअरमध्ये असताना क्लच दाबेपर्यंत चाक इंजिनाला फिरवत असते. अशा वेळी इंजिन फिरत असूनही काटा शून्यावर जात असेल, तर फिरण्याची खबर देणारा इशाराच मध्ये कोठेतरी तुटतो आहे, असे त्यांनी सांगितले. शेवटचा प्रश्न, किती वेळ थांबल्यावर सुरू होते? दहा मिनिटे, म्हणजे निवायला लागणारा वेळ.

एवढे ऐकून त्यांचा अंदाज झाला असावा, पण त्यांनी तो बोलून दाखवला नाही. "उद्या दुपारी एकला या. उन्हातच जाऊ, बंद पाडूनच आणू," असे ते म्हणाले. गाडी बंद पाडण्यासाठी मुद्दाम बाहेर काढणारा मिस्त्री मला पहिल्यांदाच भेटला.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी त्यांनी सीट काढून मॅग्नेटच्या कव्हरमधून वर येणाऱ्या तारांचा कपलर सोडवला, मल्टिमीटर लावला आणि वहीत विद्युतरोधाचा आकडा लिहिला: थंड, २१४ ओहम. कपलर परत लावला. पिशवीत त्यांनी मल्टिमीटर, एक जुना पण चांगला प्लग, प्लगपाना, रिकामी काचेची बाटली, पाण्याची बाटली आणि फडका घेतला. गाडी त्यांनी चालवली, मी मागे बसलो. वर्धा रोडने खापरी आणि जामठा मागे पडले, आणि पुढे चार-पाच किलोमीटरवर इंजिन नेहमीसारखे झटक्यात थांबले. गाडी बंद पडल्याचा आनंद मला त्या दिवशी झाला.

रस्त्याच्या कडेला कडुनिंबाच्या सावलीत पुढची दहा मिनिटे त्यांनी जो क्रम पाळला, तो या परीक्षणातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. सर्वप्रथम ठिणगी. प्लगची टोपी काढून तीत सोबतचा प्लग बसवला, त्याचा धातूचा भाग इंजिनावरील धातूच्या पात्यांवर घट्ट टेकवला आणि मला किक मारायला सांगितले. सहा किक मारल्या, प्लगच्या टोकाशी ठिणगी दिसली नाही. उन्हात ठिणगी नजरेतून निसटू शकते, म्हणून त्यांनी तळहाताचा आडोसा करून पुन्हा पाहिले. ही तपासणी पेट्रोलला हात लावण्याआधीच करायची असते, कारण आधी पेट्रोल काढले तर त्याच्या वाफेजवळ ठिणगी पाडण्याचा धोका राहतो. आणि प्लग धातूला नीट टेकवला नाही तर सीडीआयलाही इजा होऊ शकते. या दोन्ही गोष्टी त्यांनी काम करता करता मला समजावल्या.

ठिणगी नाही, हे दिसल्यावर वेळ न दवडता त्यांनी पुन्हा तोच कपलर सोडवला आणि मीटर लावला. पडद्यावर आकडाच येईना. निघताना २१४ ओहम दाखवणारी वाट आता पूर्ण तुटलेली होती. मीटरच्या दोन्ही सुया एकमेकींना टेकवून मीटर बरोबर असल्याची त्यांनी खात्री केली आणि पुन्हा लावून पाहिले, तेच. मग फडका ओला करून मॅग्नेटच्या कव्हरवर ठेवला. तापलेल्या इंजिनावर थेट पाणी ओतू नये, असेही बजावले. सात-आठ मिनिटांनी मीटरवर २४१ हा आकडा उमटला. कपलर लावला, आणि गाडी पहिल्या किकमध्ये सुरू झाली. तिसऱ्यांदा तपासणी झाल्यावरच त्यांनी त्या भागाचे नाव घेतले: पिकअप कॉइल.

ही कॉइल अंगठ्याएवढी असते. इंजिनाच्या दांड्याबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटच्या कडेवर एक उंचवटा असतो. तो कॉइलसमोरून गेला की तिच्यात विजेची बारीकशी लहर उठते, ती सीडीआयला ठिणगीची वेळ सांगते, आणि सीडीआय इग्निशन कॉइलमार्फत प्लगला ठिणगी देते. कॉइलमधील तांब्याची तार केसासारखी बारीक असते. वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने ती एखाद्या ठिकाणी चिरते. थंड असताना चिरेची टोके एकमेकांना टेकलेली राहतात, तापून पसरल्यावर विलग होतात, आणि लहर थांबते. इंजिन निवले की टोके पुन्हा जुळतात. सकाळच्या ३० अंशांत बुटीबोरीपर्यंत तग धरणारी तार परतीच्या उन्हात का सुटत होती, याचे उत्तर मला तेथे मिळाले. निवताना २१४ ऐवजी २४१ हा आकडा का आला, हेही मी विचारले. तांब्याचा विद्युतरोध दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे तापलेल्या चांगल्या कॉइलचा आकडा थोडा चढणे साहजिक असते. तो नाहीसा होणे मात्र बिघाडाचेच लक्षण आहे. आणि सीडीआय? तिच्याकडे इशाराच पोहोचत नव्हता, मग तिला दोष कसा द्यायचा? माझे ₹३,२०० त्या बिचाऱ्या डबीवर खर्च होणार होते आणि त्यानंतरही गाडी जामठ्यापाशी बंदच पडली असती.

दुरुस्तीबद्दल थोडक्यात सांगतो. पिकअप कॉइल त्या दिवशी मिळाली नाही, त्यामुळे सायंकाळी मिळणारी गाडी दुसऱ्या दिवशी रात्री आठला मिळाली. स्टेटरची, म्हणजे मॅग्नेटजवळच्या स्थिर कॉइलांची, संपूर्ण प्लेट घ्यावी लागेल असे एका दुकानदाराने सांगितले होते, पण मिस्त्रींनी सुटी कॉइल शोधून आणली. मॅग्नेटचे कव्हर उघडून ती बसवली, उंचवटा आणि कॉइल यांच्यातली फट गेजच्या पातीने मोजली, आणि कव्हरचे पॅकिंग नवे घातले. कॉइल ₹४८०, पॅकिंग ₹७०, ऑइल ₹३८०, मजुरी ₹४५० आणि रस्त्यावरील तपासणीचे ₹१५०, असे एकूण ₹१,५३० झाले. जुनी कॉइल कागदात गुंडाळून मला दिली. नवीन कॉइल बसवल्यावरही ते मला घेऊन पुन्हा एकदा भर दुपारी त्याच रस्त्याने बुटीबोरीच्या अलीकडपर्यंत जाऊन आले, आणि गरम इंजिनावर आकडा मोजून वहीत लिहिला. त्या फेरीचे पैसे घेतले नाहीत.

गॅरेजमध्ये थांबलो असताना आणखी काही गाड्या पाहायला मिळाल्या, आणि त्यावरून माझ्या लक्षात आले की एकाच तक्रारीची कारणे किती वेगळी असू शकतात. एका ताईंची मोपेड टाकी पूर्ण भरल्यावर आठ-दहा किलोमीटरने गुदमरून बंद पडत असे. मिस्त्रींनी ती बंद पडू दिली आणि टाकीचे झाकण उघडले, तोच हवा आत ओढली जाण्याचा स्पष्ट आवाज झाला. झाकणातील हवेचे छिद्र धुळीने बुजले होते. पेट्रोल खाली उतरताना टाकीत हवा शिरत नव्हती, म्हणून काही वेळाने पेट्रोलच उतरायचे थांबत होते. तारेने आणि हवेच्या झोताने छिद्र मोकळे केले, ₹५० घेतले. दुसरा एक तरुण २०२० नंतरची, इंजेक्शनची (कार्ब्युरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणारी) गाडी घेऊन आला होता; ती फक्त खड्ड्यांतून जाताना बंद व्हायची. साइड स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारा जो स्विच असतो, तो सैल झाला होता. तरुणाने तो स्विच कायमचा जोडून टाका, म्हणजे कटकट मिटेल, असा आग्रह धरला. मिस्त्रींनी साफ नकार दिला. स्टँड खाली राहून वळणावर माणूस पडतो, तेव्हा हाच स्विच वाचवतो, असे म्हणून त्यांनी नवा स्विच घालायला लावला. गिऱ्हाईक नाराज होण्याचा धोका पत्करून दिलेला तो नकार मला फार मोलाचा वाटला.

पावसाळ्यात काचेच्या बाटलीचा उपयोग कशासाठी होतो, हेही मी त्यांना विचारले होते. कार्ब्युरेटरच्या वाटीचा तळचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल बाटलीत घ्यायचे आणि ते स्थिर होऊ द्यायचे; तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर पाणी आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल पाणी धरून ठेवते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की ते इथेनॉलसह खाली बसते आणि इंजिनाला पेट्रोलऐवजी तेच मिळू लागते. त्यामुळे टाकीच्या झाकणाचे रबर फाटले असेल तर पावसाआधीच बदलावे, असा त्यांचा सल्ला होता. माझ्या झाकणाचे रबर चांगले होते, म्हणून त्यांनी तसेच ठेवले.

उणिवाही नमूद करायला हव्यात. या गॅरेजमध्ये इंजेक्शनच्या गाड्यांचे दोष वाचणारे स्कॅनर यंत्र नाही. त्या तरुणाच्या गाडीचा बिघाड हाताला लागण्यासारखा होता म्हणून भागले. पण ज्यांच्या गाडीच्या मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटत असेल, त्यांना मिस्त्री स्वतःच कंपनीच्या केंद्रात जायला सांगतात. ते प्रामाणिक आहे, परंतु १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर विकल्या गेलेल्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्याच असल्याने त्यांच्याकडील गिऱ्हाइकांची सोय दिवसेंदिवस अपुरी पडत जाईल. असे काळजीपूर्वक काम करणाऱ्या माणसाने ते यंत्र घ्यावे, असे मी त्यांना आग्रहाने सांगितले आहे. बसायला जागा म्हणजे एक लाकडी बाकडे, आणि दुपारी पत्रा असह्य तापतो. बिल हाताने लिहिलेले मिळते. वेळेचा शब्द नेहमी पाळला जाईलच असे नाही. माझी गाडी एक दिवस उशिरा मिळाली आणि त्या दिवशी मला रजा घ्यावी लागली. शिवाय, गाडी नेल्यानंतर चौथ्या दिवशी कव्हरच्या खालच्या बाजूला ऑइलचा ओलावा दिसला. पॅकिंगची एक कड दबली होती. मी दाखवताच त्यांनी हातातले काम बाजूला ठेवून, पैसे न घेता, पॅकिंग बदलून दिले. पण चूक त्यांच्याकडून झाली होती, हे नोंदवणे भाग आहे.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. गाडी ३,६०० किलोमीटर चालली, त्यात मेचा शेवट, जूनचा उकाडा आणि पावसाचे दिवस येऊन गेले, आणि एकदाही इंजिन वाटेत थांबले नाही. उड्डाणपुलावर चढताना माझा डावा हात अजूनही क्लचवर सावध असतो, पण ती सवय राहिली तरी चालेल.

ज्यांना जायचे असेल त्यांनी सकाळी दहाच्या आधी जावे, कारण दिवसाला चार-पाच गाड्यांपेक्षा जास्त काम ते घेत नाहीत, आणि सोमवारी गॅरेज बंद असते. जाण्यापूर्वी गाडी कधी, किती वेळाने, कोणत्या वेगात, उन्हात की पावसात, टाकी भरलेली असताना की रिकामी असताना बंद पडली, हे कागदावर लिहून न्यावे. तो कागद ते खरोखर वाचतात.